‘देवराई’ आणि औषधाचा हिशेब

आजारपणाच्या कथा मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला नवीन नाहीत. परंतु त्या कथांतून औषध येते ते बहुधा सामानसुमानापैकी एक वस्तू म्हणून. उशाशी बाटली असते, बाटलीजवळ चमचा असतो, डॉक्टर नाडी पाहून मान हलवितात. औषध लागू पडले तर रोगी उठून बसतो, न पडले तर पडदा पडतो. औषधाने रोगी बरा केला खरा, पण बरे करता करता त्याचे काही काढूनही घेतले. आता दिलेले मोठे की घेतलेले मोठे, आणि याचा निवाडा करावयाचा कोणी, असा प्रश्न पुढ्यात मांडून बसलेली कलाकृती शोधू लागले म्हणजे हाती फारसे लागत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत निश्चित जातो. तो उंबरठा त्याने ओलांडला काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

कथानक बहुतेकांस ठाऊक असेल. कोकणातल्या एका गावचा शेष हा बुद्धीने तल्लख, मनाने हळवा तरुण. गावची देवराई हा त्याचा ध्यास. पुढे त्याला छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात तो आजार, जडतो. नसलेले आवाज ऐकू येऊ लागतात, माणसांविषयी संशय दाटतो, आतले कोणते आणि बाहेरचे कोणते हे वेगळे काढता येईनासे होते. त्याची बहीण सीना त्याला शहरातील आपल्या घरी आणते, आणि मग त्याच्या आजाराची सावली तिच्या संसारावर पडते. शेष अतुल कुलकर्णी यांनी उभा केला आहे, सीना सोनाली कुलकर्णी यांनी. तुषार दळवी आणि देविका दफ्तरदार यांच्याही भूमिका आहेत. या चित्रपटाच्या पाठीशी जगन्नाथ वाणी होते. धुळ्याचे हे गृहस्थ कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक झाले, पत्नीच्या आजारपणात या दुखण्याशी त्यांची गाठ पडली, आणि पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था उभारली. सुमित्राबाई मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. ‘बाई’ (१९८५) या लघुपटापासून २०२१ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांची दृष्टी समाजकार्यकर्तीची राहिली. तेव्हा ‘देवराई’ला काही शिकवावयाचे होते, हे लपविण्याचे कारण नाही. शिकवू पाहणाऱ्या कलाकृतीला नाक मुरडण्याची समीक्षकांची सवय मला मान्य नाही. प्रश्न एवढाच, की जे शिकविले ते पुरते शिकविले काय.

प्रथम देवराईविषयी. देवाच्या नावाने राखलेले रान. त्यातली काडीसुद्धा तोडावयाची नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर अशी शेकडो राने होती, आणि वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे आणले. गोव्यात सत्तरी तालुक्यातील केरीची ‘आजोबाची तळी’ आमच्या कोंकणी वाचकांस परकी नसेल. बालाघाटकडे गोंड बांधवांचा बडादेव साजाच्या झाडात वास करतो. ते झाड तोडावयास कोणी धजत नाही. देवराईत देव आहे म्हणून रान टिकते, आणि रान टिकल्यामुळे झरा टिकतो, औषधी टिकतात, पाखरे टिकतात. शेषाच्या मनातही असे एक रान आहे. त्याच्या आजारातला गुंता त्या रानात आहे, आणि त्याच्या जगण्यातले जे पवित्र तेही त्याच रानात आहे. चित्रपटाची खरी उंची या प्रतिमेत आहे. शेषाला देवराईविषयी जे वाटते त्यातले आजार कोणते आणि शेष कोणता? बहिणीला हे सांगता येत नाही, डॉक्टरला येत नाही, प्रेक्षकालाही येत नाही. रासायनिक औषधाला तर हा भेद मुळीच कळत नाही. कुऱ्हाड झुडपावर चालविली तरी कधी कधी देववृक्षही घायाळ होतो.

सीनेची बाजू चित्रपटाने विशेष आस्थेने मांडली आहे, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी त्याने उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण मागितले. आपल्या कथाकादंबऱ्यांनी या तिसऱ्या पायाकडे फारसे पाहिलेच नाही. घरातली बाई रात्र जागते हे गृहीत धरावयाचे, आणि पुढे जावयाचे. ‘देवराई’ने ते गृहीत धरले नाही. भाऊ आणि संसार यांच्यामध्ये उभी असलेली सीना रागावते, थकते, अपराधी होते, पुन्हा उभी राहते. सोनाली कुलकर्णी यांनी या भूमिकेत जे केले आहे ते अभिनयाच्या नेहमीच्या मापांनी मोजण्यासारखे नाही. अशा घरातून राहिलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल.

परंतु चरकाने चौथा पाय रोग्याचा सांगितला, आणि रोग्याच्या अंगीही चार गुण मागितले. स्मृती हवी, वैद्याची आज्ञा पाळण्याची तयारी हवी, भीरुता नको. आणि चौथा गुण म्हणजे ज्ञापकत्व, आपल्याला काय होते आहे हे सांगण्याचे सामर्थ्य. आज्ञापालनावर आपला भर नेहमीच असतो. ‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न अशा घरांत दिवसातून तीनदा विचारला जातो. ‘गोळी घेतल्यावर तुला काय होते?’ हा प्रश्न किती वेळा विचारला जातो, याचा शोध ज्याने त्याने आपापल्या घरी घ्यावा. ‘देवराई’मध्ये शेष आजारात असतानाचे त्याचे बोलणे आपण भरपूर ऐकतो. औषधात असलेल्या शेषाचे बोलणे मात्र चित्रपटाच्या केंद्रस्थानी येत नाही. उपचार सुरू झाले म्हणजे कथेचे ओझे बहिणीच्या आणि वैद्यकाच्या खांद्यांवर जाते, आणि प्रेक्षक निःश्वास सोडतो. माझी तक्रार त्या निःश्वासाविषयी आहे.

ही तक्रार नीट समजावयाची तर या औषधांचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे, आणि तो इतिहास गंमत म्हणजे आपल्याच रानातून जातो. बिहारकडे सर्पगंधेच्या मुळीला वेडावरची मुळी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग उन्मादावर आणि रक्तदाबावर होतो असे प्रसिद्ध केले. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी त्याच सुमारास मुळीतली द्रव्ये वेगळी केली, आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकास अजमलीन हे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला, तेव्हा कोठे पश्चिमेचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन काढण्यात आले. १९५४ साली न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोविकारांवर वापरले. मध्य भारतातील सालवनांतून ही मुळी इतकी उपटली गेली, की आता ती सहजी दृष्टीस पडत नाही.

रेसर्पीनने रोगी शांत झाले. त्यांचे नाक चोंदले, अंगात सुस्ती भरली, आणि काहींच्या मनावर अशी खिन्नता उतरली की जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार येऊ लागले. त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये जाँ दले आणि पियेर दनिकेर यांनी क्लोरप्रोमझीन वापरून पाहिले, आणि त्याने रेसर्पीनला मागे टाकले. साखळदंडात असलेली माणसे घरी जाऊ लागली. हा उपकार लहान नव्हे, आणि या लेखातील एकही वाक्य तो विसरून वाचू नये. पण या औषधांनी हात कापू लागले, अंग आखडले, चेहऱ्यावरचे भाव मावळले, लाळ गळू लागली. काहींना एका जागी बसवेनासे झाले. पायांत जणू कोणी किडे सोडले आहेत असे ते सांगत, आणि पाहणारे म्हणत की वेड वाढले. कंप थांबविण्यासाठी दुसरी गोळी आली. तिने तोंड कोरडे पडले आणि पोट बिघडले. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काहींच्या ओठांना आणि जिभेला आपोआप हालचाली करण्याची खोड जडते, ती औषध थांबविल्यावरही कित्येकदा जात नाही. पुढे नव्या पिढीची औषधे आली. त्यांत कंप कमी. पण ओलांझापीनने वजन आणि रक्तातील साखर वाढते, आणि क्लोझापीन हे इतर औषधे हरल्यावरही कामास येणारे औषध रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटवू शकते, म्हणून नियमाने रक्त तपासावे लागते. एक व्याधी शमविताना दुसरी उठविणारा प्रयोग शुद्ध नव्हे, असा निर्वाळा चरकाने निदानस्थानात देऊन ठेवला आहे. त्या कसोटीला उतरणारे औषध मनोविकारांवर अद्याप सापडलेले नाही. जी आहेत त्यांतूनच निवड करावयाची आहे.

निवड म्हटली की तराजू आला, आणि तराजू कोणाच्या हातात हे आले. घरच्यांच्या पारड्यात रात्रीची झोप असते, शेजाऱ्यांच्या तक्रारी असतात, मुलीचे लग्न असते. डॉक्टरांच्या पारड्यात लक्षणे असतात: आवाज ऐकू येतात की नाही, संशय कमी झाला की नाही. रोग्याच्या पारड्यात काय असते? तबल्यावर बोट चालत नाही. पोथी वाचताना ओळ सुटते. अंगावर चढलेल्या मांसामुळे लग्नकार्यात जावयाची लाज वाटते. पती-पत्नीच्या नात्यातले जे कोणी बोलत नाही, तेही असते. ‘आता शांत असतो’ हे घरचे समाधानाने सांगतात तेव्हा शांत कोणासाठी, असा प्रश्न विचारण्याचा उद्धटपणा कोणीतरी करावयास हवा. माझ्या मते तो कलावंताने करावयाचा. शेष या नावाचा एक अर्थ सर्पराज, तर दुसरा अर्थ वजाबाकीनंतर उरलेले. आजार वजा केल्यावर जे उरले ते शेषाला पुरेसे आहे काय, हे शेषाच्याच तोंडून ऐकावयाला मी आतुर होतो. ते ‘देवराई’त ऐकू आले तर अर्धस्फुटच ऐकू येते.

याचे कारण शोधताना एका परदेशी चित्रपटाची आठवण होते. गणितज्ञ जॉन नॅश यांच्या जीवनावर २००१ साली ‘ए ब्यूटिफुल माइंड’ निघाला. १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या गृहस्थांनी १९७० नंतर औषधे घेतली नव्हती, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. सिल्व्हिया नासार यांच्या १९९८ सालच्या चरित्रातही तसेच आहे. चित्रपटातला नॅश मात्र उतारवयात आपण नवीन औषधे घेतो असे सांगतो. प्रेक्षकांतील रोग्यांनी उद्या आपापल्या गोळ्या फेकून देऊ नयेत, ही त्या असत्यामागची भीती. भीती खोटी नव्हती. औषध सोडल्यावर आजार उलटण्याचा संभव फार मोठा असतो, आणि ते एकाएकी सोडणे त्याहून वाईट. नॅशसारखे सुटणारे थोडे. तरीही मी त्या वाक्याला असत्यच म्हणेन. ज्याचे आयुष्य त्याच्या तोंडी त्याने न घेतलेला निर्णय घालणे, हे त्याच्या नकळत चहात गोळी विरघळविण्यासारखेच आहे. कलावंताने प्रेक्षकालाही रोगी समजून त्याच्या हिताचे ते गुपचूप पाजले.

याच्या उलट उदाहरण एलिन सॅक्स यांचे. कॅलिफोर्नियात कायद्याच्या प्राध्यापक असलेल्या या विदुषींनी २००७ साली ‘द सेंटर कॅनॉट होल्ड’ हे आत्मकथन लिहिले. त्या स्वतः स्किझोफ्रेनियाच्या रोगी. वर्षानुवर्षे त्यांनी औषध कमी करून पाहिले, प्रत्येक वेळी आजार उलटला, प्रत्येक वेळी त्या पुन्हा पहिल्यापासून सावरल्या. शेवटी त्यांनी औषध पत्करले. निष्कर्ष डॉक्टरांचाच निघाला. पण तो त्यांच्या हातून निघाला, आणि म्हणून तो त्यांचा झाला. हे पुस्तक वाचून कोणी गोळ्या फेकून देईल असे मला वाटत नाही. नॅशच्या चित्रपटाने ज्याची भीती बाळगली, ते सॅक्सबाईंनी सगळे उघड सांगितले, आणि त्यांचे सांगणे अधिक विश्वासार्ह ठरले. कायद्याचा पदवीधर असल्यामुळे मला त्या जवळच्या वाटतात, असे कोणी म्हटल्यास तो आरोप मी नाकारणार नाही.

या मासिकाचे वाचक देवळांशी बांधलेले. त्यांच्यासाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मराठी संतपरंपरेत पिसे लागणे हा गौरव आहे, कोंकणीत ‘पिसो’ हा शब्द रागाने जसा येतो तसा मायेनेही येतो. औषधालाही कोंकणीने ‘वखद’ असे स्वतःचे लाघवी रूप दिले आहे. आपल्याकडे वेडाची पहिली वाट दवाखान्याची नसून देवळाची असते. गाणगापुराला आरतीच्या वेळी खांबांवर चढणारी माणसे पाहिली नाहीत असा दत्तभक्त विरळा. बैतूल जिल्ह्यात मलाजपूरला गुरुसाहेब बाबांच्या समाधीपाशी पौषी पौर्णिमेपासून जत्रा भरते. तेथे बाधा उतरविण्यासाठी दूरदूरचे लोक जातात. सुशिक्षितांना याची लाज वाटते. ‘देवराई’ही या बाबतीत वैद्यकाच्या बाजूने उभा आहे, आणि २००४ साली ते योग्यच होते. तीनच वर्षे आधी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील एका खासगी आश्रमात आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. पंचविसांहून अधिक जीव गेले. श्रद्धास्थानाच्या छायेत माणसाला साखळी घालता येते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

पण दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. २००२ साली बेंगळूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तमिळनाडूतल्याच एका देवळाचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. तेथे राहावयास आलेल्या ३१ मनोरुग्णांची त्यांनी येताना आणि जाताना तपासणी केली. सरासरी मुक्काम सुमारे सहा आठवड्यांचा. तेथे औषध नव्हते, अंगात येणे नव्हते, मारहाण तर नव्हतीच; सकाळची पूजा, देवळातली झाडलोट, झाडांना पाणी, आणि बरोबर घरचे एक माणूस. लक्षणांत जवळपास वीस टक्के उतार पडला. संख्या लहान, तुलनेला दुसरा गट नाही. यावरून देऊळ हे औषधाला पर्याय ठरविणे म्हणजे पुराव्याच्या कायद्याची थट्टा होईल. पण औषधाच्या हिशेबात आपण जे धरीत नाही ते यात दिसते. माणसाला दिवसाकाठी करण्याजोगे काम होते, आणि त्याच्याकडे भीतीने न पाहणारी माणसे भोवती होती. औषधाची मात्रा थोडी कमी ठेवणे केव्हा सुरक्षित आहे, हे पुष्कळदा अशाच गोष्टींवर अवलंबून असते, असे समंजस डॉक्टर सांगतात. शेषाला देवराई परत मिळणे हा भावुकपणा नव्हे. उपचारांच्या मांडणीत तिला रकाना असावयास हवा.

गोळी चहात टाकण्याचा उल्लेख वर आला तो सहज आलेला नाही. रोगी औषध घेत नाही म्हणून ते चहात, वरणात, क्वचित प्रसादाच्या शिऱ्यातही मिसळून देण्याचा प्रघात आपल्याकडे फार मोठा आहे. देणारे दुष्ट नसतात, अगतिक असतात. बालाघाटहून मनोविकारतज्ज्ञ गाठावयाचा म्हणजे गोंदियावरून नागपूर. रोगी यावयास तयार नसेल तर घरच्यांनी करावयाचे काय? पण ज्याला आधीच वाटते आहे की आपल्या अन्नात कोणीतरी काही घालते, त्याच्या अन्नात खरोखरच काही घातले जात असते. त्याचा संशय हा आजार, आणि तो संशय खरा ठरविणे हा उपचार! तीर्थप्रसादाच्या बाबतीत तर माझे मत अधिक कठोर आहे. प्रसाद हा विश्वासाचा पदार्थ आहे. तो एकदा विटाळला म्हणजे त्या माणसाला देऊळही परके होते. हे दृश्य कोणाही दिग्दर्शकाला सहज सुचले असते, आणि ‘देवराई’च्या कर्त्यांसारख्या धीट दिग्दर्शकांकडून मी त्याची अपेक्षा केली असती.

कायदा या बाबतीत कलेच्या पुढे गेला, हे कबूल करताना वकिलालाही आश्चर्य वाटते. १९१२ च्या इंडियन लूनसी ॲक्टमध्ये वेडा म्हणजे ताब्यात ठेवण्याची वस्तू होती. १९८७ च्या कायद्याने शब्द बदलले, नजर फारशी बदलली नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ साली अंमलात आला. त्याच्या चौथ्या कलमात एक तरतूद आहे, जिच्याकडे घरोघरी लक्ष जावयास हवे: रोग्याचा उपचारांविषयीचा निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटला, एवढ्यानेच त्याला निर्णयाची क्षमता नाही असे ठरत नाही. पाचव्या कलमाने प्रौढ व्यक्तीस आगाऊ लेखी सांगून ठेवण्याचा अधिकार दिला, की पुढे आपली निर्णयशक्ती गेली तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत. पूर्वी आजार झालेला असला तरी हा अधिकार जात नाही. चौदाव्या कलमाप्रमाणे आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. आणीबाणीच्या उपचारांना असा लेख आड येत नाही. नातेवाइकांना किंवा डॉक्टरांना तो बदलून हवा असल्यास मंडळापुढे अर्ज करता येतो. बंधन मुख्यतः रुग्णालयांवर आणि मनोविकारतज्ज्ञांवर आहे. स्वयंपाकघरातल्या चहाच्या कपापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही.

माझ्याकडे अशी कुटुंबे येतात. त्यांना कागद हवा असतो तो जमिनीचा: भावाने शेत विकू नये, बापाने खात्यातले पैसे काढू नयेत. उपचारांविषयीचा लेख करावा असे सुचविले म्हणजे ती एकमेकांकडे पाहतात. ‘त्याला काय कळते?’ ‘सध्या बरा आहे ना? मग आत्ताच विचारा’, असे मी म्हणतो. विचारल्यावर पुष्कळदा अगदी साधी उत्तरे येतात. औषध नको असे म्हणणारे थोडे. रात्रीची गोळी लवकर द्या म्हणजे सकाळी डोके जड राहणार नाही. अमुक इंजेक्शनने जीभ जड होते, ते शक्य तर टाळा. दाखल करावयाचे तर थोरल्या बहिणीला कळवा, धाकट्या भावाला नको. यातले बरेचसे डॉक्टर आनंदाने मान्य करतात. औषध बदलता येते, मात्रा हळूहळू कमी करता येते, वेळ हलविता येते. त्यांना ते कोणी सांगितलेले नसते एवढेच.

भावे-सुकथनकर जोडीने पुढे ‘कासव’ केला, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सुवर्णकमळ त्याला मिळाला. त्यातही कोकणच आहे, समुद्रकाठ आहे, अंडी घालून निघून जाणारी कासविणी आहे. नैराश्याने घेरलेला एक तरुण आणि स्वतः त्या वाटेने गेलेली जानकी यांची ती कथा. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांनी ती पेलली आहे. प्रत्यक्ष आयुष्यात मनोविकारतज्ज्ञ असलेले मोहन आगाशे येथे कासवांची राखण करणारे दत्ताभाऊ झाले आहेत, हा योजनेतला खट्याळपणा मला आवडला. ‘देवराई’त जी सोबत बहिणीच्या कर्तव्यातून येते, ती येथे आजार जाणणाऱ्या परक्या बाईकडून येते, म्हणून तिच्यात धाक नाही. जानकी त्या मुलाला काही विचारण्याची घाई करीत नाही, आणि त्यामुळे तो बोलण्याजोगा होतो. ‘देवराई’त राहून गेलेले ज्ञापकत्व बारा वर्षांनी त्याच कलावंतांच्या हाती आले असे मी समजतो. दोन्ही चित्रपट एका आठवड्यात पाहावेत. देवळांच्या सभामंडपातून कीर्तने होतात तसे हेही दाखविण्यास हरकत नसावी.

आता ‘देवराई’ पुन्हा पाहताना माझ्या मनात एक खटला चालतो. बऱ्या दिवसांत शेषाने पाचव्या कलमाखालचा असा लेख केला असता तर त्यात काय लिहिले असते? गोळ्या नाकारल्या असत्या असे मला वाटत नाही. आवाजांचा छळ त्याने भोगलेला आहे. हात कापेल एवढी मात्रा नको, लिहावयाचे आहे, असे कदाचित त्याने घातले असते. प्रतिनिधी म्हणून सीनेचेच नाव घातले असते, आणि तिलाही कधीतरी विश्रांती मिळावी म्हणून दुसरे एखादे सुचविले असते. पहिले कलम मात्र देवराईविषयीचे असते: पावसाळा संपला की मला एकदा तेथे न्यावे, मी काय बोलतो आहे ते कोणास कळले नाही तरी न्यावे.